जिंगल पाठ कुणी करून घेतली?

जुन्या जाहिराती लक्षात राहिल्या कारण त्या चांगल्या होत्या, असं आपण केव्हाच ठरवून टाकलं आहे. पन्नाशीतली चार माणसं जमली आणि दूरदर्शनचा विषय निघाला, की कुणीतरी ‘वॉशिंग पावडर निरमा’ गुणगुणतं आणि मग ‘आता तशा जाहिराती राहिल्या नाहीत’ हा ठराव एकमताने मंजूर होतो. ठरावात थोडं तथ्य आहेच. पण स्मरणशक्तीच्या अभ्यासातून गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत जे हाती लागलं आहे ते पाहिलं, तर श्रेयाचा बराच मोठा वाटा जाहिरात लिहिणाऱ्यांकडून काढून दूरदर्शनच्या वेळापत्रकाला द्यावा लागतो.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थाचा आधार मिळू नये म्हणून त्याने निरर्थक अक्षरगट तयार केले, त्यांच्या याद्या घोकल्या आणि किती दिवसांनी किती आठवतं ते नोंदवलं. शिकलेलं आधी झपाट्याने आणि नंतर सावकाश कसं विसरत जातो, याचा त्याने काढलेला आलेख आजही शिकवला जातो. त्याचं दुसरं निरीक्षण आपल्या विषयासाठी अधिक कामाचं आहे. बारा अक्षरगटांची यादी त्याने एकाच दिवशी ६८ वेळा घोकली. तीच गोष्ट तीन दिवसांत विभागून केली, तेव्हा ३८ वेळा घोकून तेवढंच फळ मिळालं. मधे वेळ जाऊ दिला की मेहनत जवळजवळ निम्म्यावर येते.

किती वेळ जाऊ द्यायचा, याचंही उत्तर मिळालेलं आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साडेतेराशेहून जास्त लोकांना काही माहिती शिकवली, वेगवेगळ्या अंतराने तिची एकदा उजळणी घेतली आणि काहींची परीक्षा थेट वर्षभराने घेतली. आठवडाभर लक्षात ठेवायचं असेल तर एका दिवसाचं अंतर पुरे होतं. वर्षभर टिकवायचं तर सुमारे तीन आठवड्यांचं अंतर सर्वांत फायद्याचं ठरलं. जितकं लांबचं आठवायचं, तितकी उजळणी पांगवलेली बरी.

आता दूरदर्शनकडे येऊ. १ जानेवारी १९७६ पासून तिथे जाहिराती सुरू झाल्या. पुढची पंधरा-सोळा वर्षं देशातल्या बहुतेक गावांत चॅनल एकच होता. बहुतेकांकडे रिमोट नव्हता, आणि असता तरी बदलून जाणार कुठे? लोकप्रिय कार्यक्रम आठवड्यातून एकदा यायचे आणि जाहिराती त्यांच्या आधी गठ्ठ्याने लागायच्या. ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ पासून पुढचं दीड वर्ष दर रविवारी सकाळी लागत होतं. त्याच्या आधी बसल्या जागी जे काही दिसलं त्याची उजळणी दर सात दिवसांनी, ठरलेल्या वेळी, सक्तीने होत गेली. एबिंगहाउसने आखून दिला असता तरी अभ्यासक्रम याहून चोख झाला नसता. उलट आज क्रिकेटच्या एका सामन्यात एकच जाहिरात षटकागणिक डोळ्यांवर आदळते. तो ६८ वेळा एका दिवसात घोकण्याचा प्रकार आहे, आणि त्यातून लक्षात राहण्यापेक्षा वैताग जास्त येतो.

पुन्हा पुन्हा दिसण्याचा आणखी एक परिणाम आहे. रॉबर्ट झायोन्स यांनी १९६८ मध्ये लोकांना अनोळखी, अर्थ न कळणारी चिन्हं आणि शब्द कमीजास्त वेळा दाखवले. जे जास्त वेळा दिसलं, ते लोकांना जास्त ‘चांगलं’ वाटलं. कारण काहीच नव्हतं, फक्त ओळख झाली होती. टायटन घड्याळाच्या जाहिरातीची धून आठवून पाहा. मोत्सार्टच्या पंचविसाव्या सिंफनीतला तो तुकडा आहे, १७७३ सालचा. पाश्चात्त्य अभिजात संगीताशी ज्यांचा काडीचा संबंध नाही, अशा लाखो घरांमध्ये ती धून ‘आपली’ झाली ती याच वाटेने. तेव्हा ‘छान होती म्हणून आठवते’ हे वाक्य उलटं वाचलं तरी चालतं. आठवते म्हणून छान वाटते.

पण मग सगळ्याच जाहिराती का आठवत नाहीत? त्या काळातल्या किती जाहिराती आठवतात ते कागदावर लिहायला बसा. पंधरा-वीसच्या पुढे गाडी सरकणं कठीण. दाखवल्या गेल्या होत्या हजारो. गाळात गेलेल्या जाहिराती मोजायला कुणी उरत नाही, म्हणून तो काळ सोन्याचा दिसतो. वेळापत्रक सगळ्यांना सारखंच लाभलं होतं. त्यातून ज्या तरल्या, त्यांच्यात कारागिरी नक्कीच होती. ती कुठे होती हे पाहण्यासारखं आहे.

‘हेमा, रेखा, जया और सुषमा, सबकी पसंद निरमा’. ड्यूक विद्यापीठातले डेव्हिड रुबिन यांनी मौखिक परंपरेतली काव्यं पिढ्यान्‌पिढ्या कशी टिकतात याचा अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं, की गाणारा ओळ शब्दशः साठवून ठेवत नाही. ठेका, यमक आणि अर्थ हे तिघे मिळून चुकीचे शब्द बाहेर ठेवतात आणि योग्य शब्द पुन्हा सापडतो. निरमाच्या ओळीवर हे ताडून पाहा. ‘जया’ विसरलात असं समजा. अर्थ सांगतो, मुलीचं नाव हवं. ठेका सांगतो, आखूड हवं, दोन अक्षरी. शेजारच्या दोन्ही नावांच्या शेवटी ‘आ’ आहे. एवढ्या खुणा असताना नाव चुकणं अवघड. ‘सुषमा’च्या जागी तर दुसरं कुणी बसूच शकत नाही, कारण तिला पुढच्या ‘निरमा’शी यमक जुळवायचं आहे. ही यातली खरी चलाखी. मालाचं नाव यमकातच ओवलं आहे, त्यामुळे ते गाळून गाणं पूर्ण होत नाही. ज्यांनी लहानपणी पाढे चालीवर म्हटले आहेत त्यांना हे तंत्र वेगळं समजावून सांगायला नको. सतरा सक किती, हे मधेच विचारलं तर अडखळायला होतं. सतरा एके सतरापासून निघालं की गाडी आपोआप त्या स्टेशनात येते.

चालीचं मात्र एक पथ्य आहे. वांडा वॉलेस यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमध्ये तेच शब्द काहींना गाऊन ऐकवले, काहींना नुसते बोलून. गायलेले शब्द जास्त आठवले, पण एकच चाल कडव्यामागून कडव्याला पुन्हा आली तेव्हाच. चाल नीट कानात बसायला वावच मिळाला नाही, तर तिचा उपयोग होईना. अशा वेळी साधं बोलणंच बरं ठरलं. म्हणजे चाल आधी स्वतः पाठ व्हावी लागते, मग ती शब्द वाहून नेते. सोपी चाल आणि भरपूर उजळणी ही जोडी इथेही सुटत नाही. जाहिरातीला कुणी अवघड रागदारी का लावत नाही, याचं उत्तर यात आहे.

एकदा बसलेली चाल किती चिवट असते याचा अंदाज एका वेगळ्याच क्षेत्रातून येतो. २०१५ मध्ये लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं, की जुनी गाणी ओळखताना मेंदूचे जे भाग कामाला लागतात, ते अल्झायमरमध्ये इतर भागांच्या तुलनेत बराच काळ शाबूत राहतात. नावं, चेहरे, पत्ते विसरलेली व्यक्ती जुनं गाणं गुणगुणते, त्यामागचं हे एक कारण असावं.

यमकाचा आणखी एक गुण आहे आणि तो थोडा काळजीचा आहे. मॅथ्यू मॅकग्लोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली लोकांना फारशा परिचित नसलेल्या म्हणी दिल्या. काही यमक साधणाऱ्या, काही त्याच अर्थाच्या पण यमक मोडलेल्या. यमकवाल्या म्हणी लोकांना अधिक खऱ्या वाटल्या. अर्थ तसूभरही बदललेला नव्हता. आता ललिताजींना आठवा. निरमा स्वस्त होता, सर्फ कितीतरी महाग. या महाग मालाचं समर्थन करायला अलिक पदमसी यांच्या लिंटास या जाहिरात संस्थेने कविता चौधरी यांची खमकी गृहिणी उभी केली, आणि तिच्या तोंडी दिलं, ‘सर्फ की खरीदारी में ही समझदारी है’. खरीदारी, समझदारी. हेच वाक्य ‘सर्फ विकत घेण्यात शहाणपण आहे’ असं करून पाहा. लगेच मनात येतं, बाई, ते का म्हणून? यमकाने तो प्रश्नच उठू दिला नव्हता. ‘विको टर्मरिक, नहीं कॉस्मेटिक’ हेही त्याच घराण्यातलं. विकोची उत्पादनं सौंदर्यप्रसाधनं की आयुर्वेदिक औषधं, हा वाद प्रत्यक्षात उत्पादन शुल्काच्या संदर्भात वर्षानुवर्षं कोर्टात चालला. टीव्हीसमोर बसलेल्यांच्या मनात तो दोन शब्दांच्या यमकाने कधीच मिटला होता.

वेगळेपणाचा मुद्दा त्या मानाने सरळ आहे. हेडविग फोन रेस्टोर्फ यांनी १९३३ मध्ये दाखवलं, की एकसारख्या गोष्टींच्या यादीतली वेगळी गोष्ट जास्त लक्षात राहते. हसऱ्या, सुखी कुटुंबांच्या रांगेत ओनिडा टीव्हीचा शिंगं-शेपटीवाला सैतान उभा राहिला आणि लोकांनी त्याला पक्कं लक्षात ठेवलं. सगळ्यांनीच सैतान आणले असते तर एखादं सुखी कुटुंब लक्षात राहिलं असतं.

भावनेचंही तसंच, थोडक्यात सांगता येईल. १९९४ मध्ये लॅरी काहिल, जेम्स मॅकगॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना चित्रांसह एक गोष्ट सांगितली. गोष्टीचा मधला भाग हेलावून टाकणारा होता आणि आठवड्याने तोच भाग जास्त आठवला. पण ज्यांना गोष्ट ऐकण्याआधी ताणाच्या संप्रेरकांचा परिणाम रोखणारं औषध दिलं होतं, त्यांच्यात हा फरक पडला नाही. मन उचंबळलं की शरीर मेंदूला जणू ‘हे जपून ठेव’ असं सांगतं. योगायोग असा, की फुलाफुलांच्या कपड्यांतली मुलगी सुरक्षारक्षकाला हुलकावणी देऊन क्रिकेटच्या मैदानात नाचत गेली, ती कॅडबरीची जाहिरातही १९९४ चीच.

बघणाऱ्याचं वयही इथे मोजायला हवं. उतारवयातल्या लोकांना आयुष्यातल्या आठवणी विचारल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त निघतात. अनेक देशांत हे दिसलं आहे. ज्यांचं हे वय दूरदर्शनच्या एकाच चॅनलसमोर गेलं, त्यांना त्या जाहिराती ‘सर्वोत्तम’ वाटणार. ज्यांचं २००३ नंतर गेलं ते हच या मोबाइल कंपनीच्या पग कुत्र्याबद्दल आणि व्होडाफोनच्या २००९ च्या झूझूंबद्दल तितक्याच हळवेपणाने बोलतात. (झूझू ही ॲनिमेशनमधली पात्रं नव्हती, पोशाखातली खरी माणसं होती. अजूनही कित्येकांना ते पटत नाही.) तेव्हा ‘आता तशा जाहिराती राहिल्या नाहीत’ हा ठराव पुढची पिढीही मंजूर करणारच आहे.

आठवण इतकी पक्की, तर ती खरीही असेल ना? तसं नाही. कॅथरिन ब्राउन, एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये लोकांना डिस्नेलँडची एक बनावट जाहिरात दाखवली. तीत बग्ज बनी होता. बग्ज बनी हे वॉर्नर ब्रदर्सचं पात्र, डिस्नेच्या बागेत त्याला शिरकावच नाही. तरीही ती पाहिल्यावर काही जणांनी ठामपणे सांगितलं, की लहानपणी तिथे आपण त्याला भेटलो होतो. आपल्याकडे निरमाच्या त्याच चालीवर पुढे नवनवी चित्रं येत गेली आणि आता सगळी मोबाइलवर एकत्र भेटतात. ‘मी लहानपणी हीच बघायचो’ असं छातीठोक सांगणाऱ्याने नेमकी कुठली पाहिली होती, हे त्यालाही कळायला मार्ग नाही.

जाहिरात देणाऱ्याला आणखी एक धोका असतो. आजी-नातवाची जाहिरात आठवते, नातवाचा चेहरा आठवतो, शेवटचा संवादसुद्धा आठवतो. कशाची होती? तेवढं नाही आठवत. जाहिरातवाले याला व्हँपायर इफेक्ट म्हणतात. गोष्ट किंवा नटच मालाचं रक्त पिऊन टाकतो. प्रसिद्ध चेहरा घेतला की हे हमखास होऊ शकतं. ज्या कंपन्यांनी नाव यमकात अडकवलं, किंवा फेविकॉलसारखी ‘चिकटणं’ हीच गोष्ट बनवली, त्या यातून वाचल्या.

कॅडबरीने २०२१ मध्ये त्या जुन्या जाहिरातीची नवी आवृत्ती काढली. चाल तीच, मैदान तसंच. या वेळी खेळणारी मुलगी आणि नाचत आत धावणारा मुलगा. जुनी पाहिलेल्यांच्या डोक्यात पुढचं दृश्य आधीच तयार होतं, त्यामुळे बदल त्यांना पहिल्या काही सेकंदांतच जाणवला आणि त्यातली गंमतही तिथेच होती. पंधरा वर्षांच्या मुलाला त्यात एक मुलगा नाचताना दिसला, आणि काही सेकंदांनी त्याने ‘स्किप’ दाबलं.