शस्त्रकार्यक्रम, संशयित : गुप्तवार्ता-मूल्यमापन

एखादा देश अण्वस्त्रे, क्षेपणास्त्रे किंवा रासायनिक अस्त्रे गुपचूप बनवतो आहे का, कुठवर पोहोचला आहे आणि त्याच्या मनात काय आहे, याचा दुसऱ्या देशाच्या गुप्तचर संस्थांनी बांधलेला अंदाज. उपग्रहचित्रे, टिपलेली संभाषणे, फुटलेली माणसे आणि खरेदीचे कागद ही त्याची साधने. त्यांतले सर्वांत रूक्ष साधन म्हणजे कागद, पण बंदरावर तेच जास्त उपयोगी पडते.

नवी मुंबईलगतच्या न्हावा शेवा बंदरात 23 जानेवारी 2024 रोजी चीनहून कराचीला निघालेल्या जहाजावरचा माल सीमाशुल्क विभागाने गुप्तवार्तेवरून अडवला. आत इटालियन बनावटीचे सीएनसी यंत्र, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारे यंत्र, होते. मालाचे वजन 22,180 किलो. कागदोपत्री पाठवणारा शांघायचा, घेणारा सियालकोटचा. तपासात खरा पाठवणारा ताइयुआनचा आणि खरा ग्राहक पाकिस्तानच्या संरक्षण खात्याचा पुरवठादार असल्याचे अधिकाऱ्यांनी सांगितले. डीआरडीओ या भारताच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या पथकाने यंत्र तपासले आणि ते क्षेपणास्त्राचे भाग बनवायला वापरता येईल, असे मत दिले. पाकिस्तानचा खुलासा असा, की तो साधा लेथ आहे, कराचीतल्या मोटारींचे सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीने मागवलेला.

अडचण इथेच आहे. ‘सीएनसी ऑपरेटर पाहिजे’ अशी पाटी रबाळे-महापेच्या एमआयडीसीत कितीतरी गेटांवर दिसते. यंत्राला बेअरिंगची कड घासायची की रॉकेटच्या नळकांड्याची, हे ठाऊक नसते. अशा द्विउपयोगी (नागरी आणि लष्करी, दोन्ही कामांच्या) वस्तूंच्या निर्यातीवर 1996 पासून वासेनार व्यवस्था या अनेक देशांच्या गटाची नजर असते; भारत तिचा सदस्य 2017 च्या डिसेंबरात झाला. पण यादीत वस्तू बसते, हेतू बसत नाही. तो ताडावा लागतो, आणि मग खोटा पत्ता हाच यंत्रापेक्षा बोलका पुरावा ठरतो.

ताडण्यात किती मोठी चूक होऊ शकते, हे इराकने दाखवले. त्याने मागवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या अण्वस्त्रांसाठी युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजसाठीच (वेगाने फिरणाऱ्या यंत्रांसाठीच) आहेत, असे सीआयएने धरले. अमेरिकेच्याच ऊर्जा खात्यातल्या तज्ज्ञांचे मत वेगळे होते : मापे साध्या तोफखाना-रॉकेटांशी जुळतात. ऑक्टोबर 2002 च्या अमेरिकी गुप्तवार्ता अहवालात हा मतभेद नोंदलेला आहे, पण युद्धाच्या घाईत तो वाचतो कोण! 2003 च्या आक्रमणानंतर झडती झाली, आणि नळ्या रॉकेटच्याच निघाल्या. इराणविषयीच्या 2007 च्या अमेरिकी अहवालाने मग प्रत्येक निष्कर्षापुढे खात्री ‘उच्च’ की ‘मध्यम’ हे काळजीपूर्वक लिहिले.

उलटी चूकही होते, आणि तिचे एक टोक न्हावा शेव्याजवळच, ठाणे खाडीच्या काठी आहे. 18 मे 1974 च्या पोखरण चाचणीतले प्लुटोनियम तुर्भ्याच्या (म्हणजे मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या; नवी मुंबईतले तुर्भे स्टेशन वेगळे) सायरस अणुभट्टीतले. भट्टी कॅनडाच्या मदतीने शांततामय वापरासाठी उभी राहिलेली. अमेरिकी संस्थांना त्या चाचणीचा आधी सुगावा लागला नाही, 11 मे 1998 च्या पोखरण चाचण्यांचाही नाही.

न्हावा शेव्यातली ती जप्ती झाली त्याच्या अकरा दिवस आधी मुंबईहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या अटल सेतूचे उद्घाटन झाले. शिवडीहून येताना डाव्या हाताला तुर्भ्याची टेकडी असते, आणि तिथे नेमके काही अंतर पुलाच्या कठड्यावर नजर अडवणारे उंच पत्रे लावलेले आहेत.