माइक होलसमोर? नका हो!

"गिटारचा आवाज होलमधून येतो, म्हणून कंडेन्सर माइक (रेकॉर्डिंगचा, बारीक आवाजही टिपणारा माइक) बरोब्बर होलसमोर लावायचा" हे कोणी सुरू केलं देव जाणे, पण अजून कित्येकजण तेच करतात आणि मग रेकॉर्डिंग घुमतं म्हणून माइकला शिव्या. अहो, आवाज मुख्यतः गिटारची पुढची लाकडी पाटी थरथरते त्यातून येतो, होलमधून निघतो तो आतल्या हवेचा साधारण १०० हर्ट्झच्या आसपासचा घुमारा, त्यात कार्डिऑइड (म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) माइक जितका जवळ तितका बेस अजून फुगतो. माइक १२व्या फ्रेटकडे (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपैकी बारावी) वळवा, २०-३० सेंटीमीटर लांब, आणि हेडफोन लावून थोडा थोडा सरकवत ऐका. आणि हो, बऱ्याच मोठ्या कंडेन्सर माइकचं तोंड टोकाला नसतं, बाजूला असतं, मी स्वतः दोन दिवस माइकच्या पाठीसमोर वाजवत बसलो होतो!