दिल्ली सव्वादोन तासांवर कशी गेली?

मुंबई ते दिल्ली हवाई अंतर साधारण १,१४० किलोमीटर. ताशी आठशेच्या आसपास जाणाऱ्या जेटला हे दीड तासाचं काम. तिकिटावर मात्र बहुतेक वेळा सव्वादोन तास असतात. वरचा पाऊण तास कुठला, हे पाहायला आधी जुहूला जावं लागेल.

जुहूचा विमानतळ १९२८ सालचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले. विमान पस मॉथ, इंजिन एकच. वाटेत अहमदाबादला उतरले, तेव्हा पेट्रोलचे डबे चक्क बैलगाडीतून आले. दुपारी जुहू. सरळ रेषेत अंतर नऊशे किलोमीटरच्या आत, वेळ सुमारे सात तास. पुढे मद्रासपर्यंतचं टपाल त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेलं. पावसाळ्यात जुहूच्या मैदानावर पाणी साचायचं, म्हणून त्या दिवसांत टाटांच्या विमानांचं बिऱ्हाड पुण्याला, येरवड्याच्या मैदानावर.

(त्या काळी विमान किती वाजता उतरलं, हेही कुणाला विचारता त्यावर असायचं. मुंबईचं स्वतःचं घड्याळ होतं, भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. हा हट्ट १९५५ पर्यंत टिकला.)

१९४९ मध्ये रात्रीचं टपाल सुरू झालं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री नागपूरला जमायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची. अंतर कापण्याची ही युक्ती मला आजच्या जेटपेक्षाही हुशार वाटते. तिकडे ८ जून १९४८ पासून मुंबई–लंडन सुरू झालं होतं, तेही कैरो आणि जिनिव्हाला थांबत. १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ हे जेट आलं आणि आकाशातला वेळ झपाट्याने आटला.

मग जमिनीवरचा वाढू लागला. वेळापत्रकातली वेळ नुसती उडण्याची नसते. चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून दुसऱ्या टोकाला ते पुन्हा लावेपर्यंतची सगळी त्यात येते: दारातून मागे सरकणं, रांगेत उभं राहणं, उतरण्याआधी घिरट्या. मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे असून दोन, पण एका वेळी वापरात बहुधा एकच. संध्याकाळी घाटकोपरच्या गच्चीवर उभं राहा: चाकं खाली सोडलेलं एक विमान डोक्यावरून गेलं की मागच्याचे दिवे लगेच दिसतात, त्याच्या मागे तिसऱ्याचा ठिपका. शिवाय विमान काही ताणलेल्या दोरीसारखं सरळ जात नाही, ठरलेल्या हवाई मार्गांनी वळत जातं. कंपन्या हे सगळं धरून वेळापत्रकात थोडी सैल जागा ठेवतात. म्हणून वीस मिनिटं उशिरा उडालेलं विमानही 'वेळेवर' पोचल्याची घोषणा ऐकू येते आणि आपण खूश होतो.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. तिथूनही दिल्ली जवळपास तेवढीच लांब. पनवेलकराचा हिशेब बदलेल, अंधेरीकराचा उलटा होईल, पण तो टॅक्सीचा. धावपट्ट्या मात्र तिथे समांतर आखल्या आहेत. सुरुवात त्यातल्या एकीनेच झाली आहे.