डिमेन्शियाची तपासणी कोणत्या भाषेत करायची?

घरात कन्नड किंवा मारवाडी, पेठेत मराठी, कचेरीत इंग्रजी अशी पुण्यात असंख्य कुटुंबं आहेत. अशा घरातल्या आजोबांना शब्द सुचेनासे झाले आणि डिमेन्शियाची, म्हणजे स्मृती, भाषा, विचार ढासळत नेणाऱ्या आजारांची, तपासणी एकाच भाषेत उरकली, तर निदान चुकू शकतं.

सिमँटिक डिमेन्शियाचंच पाहा. यात कानशिलामागच्या मेंदूचं पुढचं टोक, बहुतेकदा डावीकडचं, झिजत जातं आणि शब्दांचा अर्थच पुसला जातो. रुग्ण 'कावळा' न म्हणता 'पक्षी' म्हणतो, पुढे नुसतं 'ते'. शब्द सांगितला तरी 'कावळा म्हणजे काय?' असं विचारतो. इंग्रजीत हा आजार वाचनातही पकडता येतो: स्पेलिंग आणि उच्चार जुळत नाहीत असे शब्द रुग्ण अक्षराबरहुकूम वाचतो, 'pint' या शब्दाचा उच्चार 'पाइंट'ऐवजी 'पिंट' करतो. देवनागरी मात्र बरीचशी लिहिली तशीच वाचली जाते. 'चार' आणि 'चारा' यांतल्या 'च'सारख्या फसव्या जागा थोड्याच. त्यामुळे वर्तमानपत्र घडाघडा वाचणाऱ्या माणसाला त्यातला अर्थ लागत नसेल, हे घरच्यांच्या लक्षातच येत नाही. वाचून झाल्यावर 'काय लिहिलंय?' हे विचारायलाच हवं.

पार्किन्सनमध्ये आवाज बारीक होतो, हे सर्वांना दिसतं. व्याकरणही ढिलं पडू शकतं, 'त्याने पोळी खाल्ला' अशा चुका होऊ शकतात. इटलीत फ्रिउलियन मातृभाषा असलेल्या रुग्णांचं मातृभाषेतलं व्याकरण शाळेत शिकलेल्या इटालियनपेक्षा जास्त बिघडलेलं आढळलं. एक स्पष्टीकरण असं: मातृभाषेचं व्याकरण सवयीने अंगवळणी पडतं आणि सवयी सांभाळणारी बेसल गँग्लिया (मेंदूच्या आत खोलवर असलेली केंद्रं) याच आजारात बिघडतात. अल्झायमरमध्ये पुष्कळदा उलट होतं, नंतर शिकलेली आणि कमी वापरातली भाषा आधी अडखळते.

तपासणीला जाताना लिहून न्या: कोणती भाषा कितव्या वर्षी आली, आज कोणाशी किती बोलतात, कोणत्या लिपीत लिहितात. प्राण्यांची नावं 60 सेकंदांत सांगण्याची चाचणी प्रत्येक भाषेत वेगळ्या दिवशी घ्यायला सांगा. 'क'वरून शब्द विचारले, तर 'कि', 'कु' चालतील का, हे आधीच ठरवून घ्या, नाहीतर आकडे जुळणार नाहीत. भाषांची सरमिसळ हे लक्षण नव्हे, पुणेकर ती रोजच करतो. समोरच्याला कळत नसलेल्या भाषेत बोलत राहणं आणि आठवण करून दिल्यावरही न थांबणं, हा बदल मात्र डॉक्टरांना सांगाच.

हैदराबादच्या 648 रुग्णांच्या अभ्यासात (2013) एकभाषिकांपेक्षा द्विभाषिकांमध्ये डिमेन्शिया सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, निरक्षरांमध्येही. इतर काही अभ्यासांत हा फायदा दिसलेला नाही. म्हणून दोन-तीन भाषा येतात एवढ्यावर तपासणी पुढे ढकलू नका.