हातगाड्यांची वाट : १८५६ च्या उशिराची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या पश्चिमेकडे गेलेल्या स्थलांतरितांचं चित्र म्हटलं की कापडी छपराच्या बैलगाड्यांची लांबलचक रांग डोळ्यांसमोर येते, आणि ते बरोबरच आहे. ओरेगॉन, कॅलिफोर्निया आणि युटाकडे गेलेल्या लाखो लोकांपैकी बहुतेक जण तसेच गेले. पण १८५६ ते १८६० या काळात दहा तुकड्या, म्हणजे सुमारे ३,००० माणसं, बैलांशिवाय निघाली. संसार दोन चाकांच्या हातगाड्यावर लादायचा, दांड्यामागच्या आडव्या पट्टीला छाती लावायची आणि चालत सुटायचं. मॉर्मन या अमेरिकेत जन्मलेल्या ख्रिस्ती पंथाच्या या प्रयोगाविषयी बोलताना १८५६ ची थंडी आणि त्यात गेलेले बळी एवढंच पुढे येतं. ती माणसं त्या थंडीपर्यंत पोचली कशी, हे मात्र सहसा मागे पडतं.

आधीचा इतिहास थोडक्यात. संस्थापकाची १८४४ मध्ये जमावाने हत्या केली, १८४६ च्या फेब्रुवारीत पंथाला इलिनॉयमधलं नॉवू सोडावं लागलं आणि २४ जुलै १८४७ रोजी पहिली तुकडी युटातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरली. वाट वैराण होती, पण निर्मनुष्य नव्हती. ओमाहा, पॉनी, शोशोनी या मूळ अमेरिकी जमातींच्या मुलखातून ती जात होती, आणि दरवर्षीच्या हजारो बैलांनी नदीकाठचा चारा संपवत आणला होता.

१८३७ पासून पंथाचे प्रचारक इंग्लंडमध्ये होते. लँकेशायरच्या गिरण्यांत, वेल्सच्या खाणींत, पुढे डेन्मार्कमध्येही त्यांना अनुयायी मिळाले. (१८५२ नंतरची काही वर्षं ते मुंबईत आणि पुण्याच्या छावणीतही होते, १८५६ च्या चौथ्या तुकडीत मुंबईत जन्मलेली एक तरुण स्त्री होती.) या गरिबांना आणण्यासाठी १८४९ मध्ये एक निधी उभारला गेला. निधीने वाटखर्च उचलायचा आणि माणसाने युटात पोचल्यावर कष्ट करून तो फेडायचा. म्हणजे जहाजावर चढतानाच हे प्रवासी कर्जदार झालेले असत.

१८५५ मध्ये युटात दुष्काळ पडला आणि टोळांनी उभी पिकं फस्त केली. जुनी कर्जं वसूल होईनात, निधी आटला, आणि इंग्लंडातून यायला तयार असलेल्यांची यादी मात्र वाढतच होती. त्या सप्टेंबरात पंथाच्या अध्यक्षांनी लिव्हरपूलच्या कचेरीला कळवलं की बैल आणि गाड्या विकत घेणं आता झेपणारं नाही, हातगाडे करा आणि लोकांना पायी येऊ द्या. आधी माणशी १० ते १३ पौंड लागत. आता ९ पौंडांत लिव्हरपूल ते सॉल्ट लेक असा हिशेब मांडला गेला. हिशेब चुकीचा नव्हता. २६ सप्टेंबर १८५६ ला पहिल्या दोन तुकड्या पोचल्या, २ ऑक्टोबरला तिसरी, आणि बैलगाड्यांपेक्षा त्यांचा वेग कमी नव्हता.

गाडा कसा होता हे नीट पाहिलं पाहिजे, कारण पुढचं बरंच काही त्यावर ठरलं. चार-पाच माणसांमागे एक गाडा. मोठ्या माणसाला १७ पौंड सामानाची मुभा, म्हणजे आठ किलोही नाही. त्यातच अंथरूण, कपडे आणि भांडी. वीस जणांत एक तंबू. लोखंड महाग, म्हणून बऱ्याच गाड्यांचे आस निव्वळ लाकडाचे. उशिरा आलेल्यांसाठी तर हातात येईल ते ओलं लाकूड वापरून घाईघाईने गाडे ठोकले गेले. मैदानातल्या कोरड्या हवेत ते लाकूड आकसलं, चाकं सैल पडली, चाकाच्या तुंब्यात धूळ शिरली आणि तिने आस कातरत नेला. लोकांनी जुन्या बुटांचं कातडं आसाला गुंडाळलं, पत्र्याचे पेले कापून ठोकले, वाट्याला आलेली डुकराची चरबी आणि साबण वंगणात घातला. पोटात जायचं ते चाकात गेलं.

आता तो उशीर. चौथी तुकडी ज्या जहाजाने आली ते लिव्हरपूलहून ४ मे रोजी सुटलं, पाचवीचं २५ मे रोजी. रेल्वे आयोवा सिटीपर्यंतच होती. तिथे हे लोक पोचले तेव्हा त्यांच्यासाठी गाडेही तयार नव्हते आणि तंबूही. थांबणं भाग पडलं. चौथी तुकडी १५ जुलैला निघाली, पाचवी २८ जुलैला. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात चौथी तुकडी मिझुरी नदीकाठच्या फ्लोरेन्सला पोचली, आणि तिथे १३ ऑगस्टला पुढे निघायचं की नाही हे ठरवणारी सभा झाली.

ज्यांनी ही वाट आधी तुडवली होती असे मोजकेच लोक तिथे होते. त्यांतला ब्रह्मदेशातून प्रचारकार्य करून परतलेला एक जण उभा राहिला. म्हातारी माणसं आणि लेकरं घेऊन इतक्या उशिरा डोंगर ओलांडू नका, त्यांतली पुष्कळ मरतील, हिवाळा इथेच काढा, असं त्याने सांगितलं. बाकीचे जाणते म्हणाले की देव हवामान आवरून धरेल. हात वर झाले, बहुमत निघण्याच्या बाजूने पडलं. काही जण मागे राहिले. विरोध करणारा मात्र म्हणाला की जाणारच असाल तर मीही येतो, तुमच्यासोबत सोसेन आणि वेळ आली तर मरेन. तो गेला, आणि वाटेत त्याने जमेल तितकी मदत केली.

आपणच हात वर केले, मग जबाबदारीही आपलीच, असं या सभेवरून अनेकदा सुचवलं जातं. हे मला पटत नाही. त्या लोकांना जहाजातून उतरून जेमतेम दोन महिने झाले होते, आणि त्यांच्यातले डॅनिश तर सभेतलं बोलणंही दुसऱ्याने समजावल्याशिवाय समजू शकत नव्हते. खिशात पैसा नव्हता, डोक्यावर निधीचं कर्ज होतं, फ्लोरेन्सला शेकडो माणसांना हिवाळाभर पुरेल असं काम नव्हतं की निवारा नव्हता. ज्यांच्या शब्दाखातर त्यांनी समुद्र ओलांडला ते पुढारीच ‘चला’ म्हणत होते. साधं गणित पाहा. फ्लोरेन्सहून सॉल्ट लेक सुमारे १,६५० किलोमीटर. सगळं सुरळीत चाललं, रोज २४ किलोमीटर पडले, तरी सत्तर दिवस. १८ ऑगस्टला निघालेला माणूस ऑक्टोबरच्या अखेरीला पोचणार, म्हणजे समुद्रसपाटीपासून २,२५० मीटर उंचीची साउथ पास ही खिंड तो ऐन ऑक्टोबरात ओलांडणार. हे गणित कळणारे लोक सभेत होते. त्यांच्यापैकी एकानेच ते बोलून दाखवलं.

आणि सगळं सुरळीत चाललंच नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला गव्यांच्या कळपामुळे चौथ्या तुकडीसोबतच्या मोजक्या शिधागाड्यांचे तीसेक बैल-गाई पळाले आणि पिठाची पोती पुन्हा हातगाड्यांवर आली. १२ सप्टेंबरला इंग्लंडातल्या कामाचे प्रमुख हलक्या गाड्यांतून मागून आले, धीराचे शब्द बोलले आणि पुढे गेले. एका प्रवाशाच्या आठवणीनुसार त्यांच्यासाठी तुकडीतलं सगळ्यात चांगलं वासरू कापलं गेलं. वाटेवरच्या फोर्ट लॅरमी या ठाण्यात पुरेसा शिधा मिळाला नाही. पाचव्या तुकडीने ओझं हलकं करायला माणशी सामान १० पौंडांवर आणलं, पांघरुणंही टाकली. दोनच दिवसांनी, १९ ऑक्टोबरला, नॉर्थ प्लॅट नदी शेवटची ओलांडताना बर्फ सुरू झाला.

सॉल्ट लेकमध्ये हंगाम संपला असंच सगळे धरून चालले होते. हजारावर माणसं अजून वाटेत आहेत हे ४ ऑक्टोबरला कळलं, आणि तिथून पुढचं काम झपाट्याने झालं हे मान्य केलंच पाहिजे. ५ तारखेला अध्यक्षांनी भर सभेत खेचरं, गाड्या आणि १२ टन पीठ मागितलं. ७ तारखेला पहिल्या गाड्या निघाल्या. २१ ऑक्टोबरला त्या चौथ्या तुकडीपर्यंत पोचल्या. तरी २३ ला रॉकी रिजचा चढ बर्फात चढावा लागला आणि दुसऱ्या दिवशी तेरा जणांना एकाच खड्ड्यात पुरलं. चौथी तुकडी ९ नोव्हेंबरला पोचली, पाचवी ३० नोव्हेंबरला. दोन्हींत मिळून दोनशेहून अधिक मृत्यू.

२ नोव्हेंबरला, तुकड्या अजून वाटेत असतानाच, अध्यक्षांनी उशिरा निघू देणाऱ्या अधिकाऱ्यांवर जाहीर ठपका ठेवला. उशिरापुरता तो खराच होता. पण काटकसरीचा आग्रह वरून आला होता, याची चर्चा तेव्हा दाबली गेली. पुढच्या तुकड्या वेळेवर निघाल्या आणि तसं संकट पुन्हा आलं नाही. १८६१ पासून तर युटातूनच बैलगाड्या मिझुरीपर्यंत पाठवून माणसं आणायची पद्धत सुरू झाली. ती आधी सुचली असती तर हातगाड्यांची गरजच पडली नसती. १० मे १८६९ ला लोहमार्ग जोडले गेले आणि हा अध्याय मिटला. निधी मात्र १८८७ मध्ये संघराज्याच्या कायद्याने बरखास्त होईपर्यंत चालू होता.

एकूण मॉर्मन स्थलांतरितांत हातगाडेवाले दहातला एकही नव्हते, तरी स्मरणात त्यांनाच मान मिळाला. १९४७ मध्ये सॉल्ट लेकच्या मंदिराच्या आवारात गाडा ओढणाऱ्या कुटुंबाचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. १९९७ मध्ये दीडशेव्या वर्षानिमित्त गाड्या आणि हातगाडे घेऊन सगळी वाट पुन्हा चालली गेली. आता उन्हाळ्यात पंथातली हजारो मुलं जुन्या पोशाखात काही दिवस हातगाडे ओढतात. पाचवी तुकडी जिथे वादळात अडकून पडली ती वायोमिंगमधली मार्टिन्स कोव्ह ही जागा संघराज्य सरकारच्या मालकीची. पंथाने १९९६ मध्ये शेजारचं रँच विकत घेतलं आणि ही जागाही मागितली. विक्रीला विरोध झाला, तेव्हा २००३ मध्ये संसदेने ती पंचवीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्याचा आदेश दिला. सरकारी जमिनीवर एकाच पंथाने इतिहास सांगावा का, यावरून २००५ मध्ये खटला झाला आणि पुढच्या वर्षी तो तडजोडीने मिटला.