फरशीखालील तापनव्यवस्थेतील प्लॅस्टिक पाइपांचा टिकाऊपणा

फरशीखालून कोमट पाणी फिरवून खोली उबदार ठेवण्याच्या पद्धतीत, म्हणजेच अंडरफ्लोअर हीटिंगमध्ये, पाइप स्क्रीडच्या, म्हणजे फरशीखाली ओतलेल्या सिमेंट-वाळूच्या, थरात कायमचा गाडला जातो. बॉयलर किंवा पंप बिघडला तर बदलता येतो. पाइप बदलायचा तर फरशीच फोडावी लागते. त्यामुळे या पाइपाकडून इमारतीइतकीच साथ अपेक्षित असते. मानकांमध्ये त्याचे हिशेबी आयुष्य ५० वर्षे धरलेले आहे.

पूर्वी या कामासाठी पोलादाचे आणि तांब्याचे पाइप वापरत. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटाउन वसाहतीत १९४७ पासून बांधलेल्या घरांच्या स्लॅबमध्ये तांब्याचे पाइप होते आणि पुढे त्यांतले अनेक गळू लागले. साधे पॉलिइथिलीन गंजत नाही, पण गरम पाण्याच्या दाबाखाली ते कालांतराने तडकते. त्याच्या लांब रेणूसाखळ्या एकमेकींना रासायनिक बंधांनी बांधल्या की ही खोड बरीच जाते. अशा पॉलिइथिलीनला पेक्स म्हणतात. पेरॉक्साइड वापरून ते बनवण्याची पद्धत जर्मनीच्या थॉमस एंगेल यांनी १९६० च्या दशकात विकसित केली. पेरॉक्साइड, सिलेन आणि इलेक्ट्रॉन किरण या तीन मार्गांनी बनणाऱ्या पेक्सला अनुक्रमे ए, बी आणि सी म्हणतात. यांतला एकच टिकतो, असा प्रचार बाजारात होत असला तरी मानकांच्या चाचण्या पार करणारे तिन्ही प्रकार या कामाला पुरेसे आहेत. पीई-आरटी या प्रकारात असे बंध नसतात. रेणूंच्या बाजूच्या फांद्यांची रचनाच उष्णता सोसेल अशी केलेली असते. याशिवाय पॉलिब्युटिलीन आणि मध्ये ॲल्युमिनियमचा थर असलेले बहुस्तरीय पाइपही वापरले जातात.

पन्नास वर्षे कोणी चाचणी घेत बसत नाही. पाइपाचे तुकडे ११० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानाला, वेगवेगळ्या दाबांखाली, काही तर वर्षभराहून अधिक काळ ठेवतात. ते कधी फुटतात याच्या नोंदींवरून कमी तापमानाला लागणारा काळ आयएसओ ९०८० या मानकातील रीतीने काढला जातो. आयएसओ १०५०८ मधील चौथा वर्ग फरशीखालील तापनासाठी आहे. त्यात पन्नास वर्षांची विभागणी अशी: २० अंशांना अडीच वर्षे, ४० अंशांना २० वर्षे, ६० अंशांना २५ वर्षे आणि ७० अंशांना अडीच वर्षे, शिवाय बिघाडाच्या प्रसंगी १०० अंशांना एकूण १०० तास. प्रत्यक्षात पुरवठ्याचे पाणी बहुधा ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असते. दाबाचेही तसेच. १६ मिमी. बाह्य व्यास आणि २ मिमी. जाडी असलेल्या पाइपात २ बार दाब असला, तर भिंतीवर सुमारे ०.७ मेगापास्कल ताण येतो. पेक्ससाठी या वर्गात परवानगी आहे सुमारे ४ मेगापास्कलची. पन्नास वर्षे भरली की पाइप संपला, असे समजण्याला म्हणूनच आधार नाही.

तरीही प्लॅस्टिक म्हातारे होते. ताण फार वाढला तर ते फुगून फाटते. ताण कमी असला तरी एखाद्या ओरखड्यापासून चीर वर्षानुवर्षे हळूहळू पुढे सरकू शकते. तिसरा मार्ग रासायनिक आहे: पाइपात मिसळलेली ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये संपत जातात आणि नंतर भिंत ठिसूळ होते. तापमान वाढले की हे सारे झपाट्याने होते. गरम पाण्यात परतीचे थंड पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह बिघडून बॉयलरचे ८० अंशांचे पाणी महिनोन्महिने फरशीत जात राहणे, हा म्हणूनच पाइपाचा सर्वांत मोठा शत्रू आहे. पुरवठ्याच्या नळीवर तापमान मर्यादित ठेवणारा स्वतंत्र थर्मोस्टॅट बसवलाच पाहिजे.

पाण्याची जातही महत्त्वाची असते. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यासाठी घातलेले पॉलिब्युटिलीनचे पाइप आणि त्यांची ॲसिटल प्लॅस्टिकची फिटिंग क्लोरीनमुळे खराब झाली. त्यावरच्या सामूहिक खटल्यात १९९५ मध्ये प्रचंड रकमेची तडजोड झाली. तापनव्यवस्थेत मात्र तेच ते पाणी बंद चक्रात फिरते, ताजे क्लोरीन येत राहत नाही. तो अनुभव जसाच्या तसा इथे लावणे चुकीचे आहे.

ऑक्सिजनची गोष्ट वेगळी. प्लॅस्टिकच्या भिंतीतून हवेतला ऑक्सिजन झिरपून पाण्यात जातो, पाइपाला त्याचे फारसे काही होत नाही, पण बॉयलर, पंप, रेडिएटर यांतले लोखंड गंजते आणि काळा गाळ साचून प्रवाह मंदावतो. मग दोष येतो पाइपावर. उपाय म्हणून ईव्हीओएच या बहुवारिकाचा पातळ थर पाइपावर चढवतात; जर्मनीच्या डीआयएन ४७२६ या मानकात झिरपण्याची मर्यादा ठरवून दिलेली आहे. असा थर नसलेल्या जुन्या फरश्यांत उष्णता-विनिमयक बसवून फरशीतले पाणी बॉयलरच्या पाण्यापासून वेगळे करता येते.

बहुतेक गळत्यांचे मूळ मात्र बांधकामाच्या दिवसांतच सापडते. पाइपाचे वेटोळे आठवडेच्या आठवडे उन्हात पडून राहते, त्यावरून ढकलगाड्या जातात, वळण व्यासाच्या पाचपटीपेक्षा अरुंद घेतल्याने पाइप मुडपतो, नंतर कोणीतरी फरशीत ड्रिल मारतो. स्क्रीड ओतताना पाइपात दाब ठेवावा, म्हणजे इजा त्याच वेळी कळते. प्रत्येक वळसा मॅनिफोल्डपासून (जिथून पाणी वेगवेगळ्या वळशांत वाटले जाते आणि परत गोळा होते) मॅनिफोल्डपर्यंत अखंड असावा, स्क्रीडखाली सांधा नसावा. प्रसरण-सांधा, म्हणजे स्क्रीड फुगण्यासाठी सोडलेली फट, ओलांडताना पाइपावर बाही घालतात. मधल्या भागात प्रसरणाची चिंता नको: पेक्स दर मीटरला दर अंशामागे ०.१५ ते ०.२ मिमी. वाढते, पण स्क्रीडने जखडलेल्या मऊ भिंतीत तो ताण हळूहळू सैल पडतो.

जुन्या पाइपाचे उरलेले बळ तपासायचे असेल तर मॅनिफोल्डजवळचा छोटा तुकडा कापून प्रयोगशाळेत नेतात. तिथे तो उच्च तापमानाला ऑक्सिजनमध्ये ठेवून ऑक्सिडीकरण किती मिनिटांनी सुरू होते हे पाहतात. हा अवधी जितका कमी, तितकी संरक्षक द्रव्ये संपलेली. पुरवठ्याच्या बाजूचा तुकडा घेणे चांगले, कारण सर्वांत गरम पाणी तिथूनच गेलेले असते.