वर्गणी राहून गेली आणि नंबर लागला

केरळमधल्या परप्पनंगडी नगरपालिकेत घरोघरचा सुका कचरा गोळा करणाऱ्या ११ जणींनी २०२३ मध्ये केरळ सरकारच्या ‘मान्सून बंपर’ या लॉटरीचं एक तिकीट घेतलं. तिकीट २५० रुपयांचं. नऊ जणींनी २५-२५ रुपये काढले. उरलेल्या दोघींकडे तेवढे नव्हते, म्हणून त्यांनी साडेबारा-साडेबारा घातले. जुलैच्या सोडतीत त्या तिकिटाला १० कोटींचं पहिलं बक्षीस लागलं. कपात होण्याआधीचा हिशेब धरला, तर २५ रुपयांचा वाटा एक कोटीचा आणि साडेबारांचा ५० लाखांचा.

आता अशी एक बारावी बाई कल्पून पाहा, जी त्या दिवशी म्हणाली असती, ‘या वेळी मला नको.’ निकालानंतर तिला जी चुटपुट लागेल, तिचा विचार शास्त्रज्ञांनी बराच केला आहे. पण त्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा. ‘मी पैसे घातले असते तर मलाही मिळाले असते’ हे वाक्य खरं आहे का?

तिच्या बाबतीत ते जवळजवळ पूर्ण खरं आहे. केरळच्या काय किंवा महाराष्ट्र राज्य लॉटरीच्या काय, कागदी तिकिटावर नंबर आधीच छापलेला असतो. वर्गणी देणारे ११ असोत की १२, तिकीट तेच राहतं, फक्त वाटे बदलतात. आणखी २५ रुपये आले असते तर २५० ऐवजी २७५ रुपयांवर वाटणी झाली असती आणि पूर्ण वाटा सुमारे ९० लाख ९० हजारांवर आला असता.

स्पेनमधल्या सोदेतो या खेड्यात डिसेंबर २०११ मध्ये हे प्रत्यक्ष घडलं. तिथल्या नाताळच्या लॉटरीत एकाच नंबरची अनेक तिकिटं निघतात. तिकिटाचा दहावा हिस्सा २० युरोंना मिळतो. संस्था असे हिस्से घेऊन त्यांचे आणखी छोटे वाटे विकतात. सोदेतोत गृहिणींच्या मंडळानं दारोदार जाऊन ते विकले होते. त्या वर्षी पहिलं बक्षीस लागलेल्या २० युरोंच्या प्रत्येक हिश्शाला चार लाख युरो मिळाले. एका रहिवाशाचं दार तेवढं वाजवायचं राहून गेलं होतं. त्याची चुटपुट निखळ खरी. नंबर ठरलेला होता, वाटे विक्रीला होते, पाच मिनिटांचं काम होतं.

अमेरिकेतल्या पॉवरबॉल या लॉटरीसाठी ऑफिसातले सहकारी काढतात ती वर्गणी मात्र वेगळी, आणि इथेच घोडं पेंड खातं. त्यात ६९ आकड्यांतून पाच आणि २६ आकड्यांतून एक निवडायचा असतो. बहुतेक गट आकडे यंत्रालाच काढायला सांगतात. यंत्र आकडे काढतं ते तिकीट छापण्याच्या क्षणी. २० जणांच्या जागी २१ जण झाले, की किती तिकिटं घ्यायची ते बदलतं, पैसे मोजायला वेळ लागतो, काउंटरवरचा क्षण सरकतो. सरकलेल्या क्षणी यंत्रानं तेच सहा आकडे काढले असते, याची कसलीही खात्री नाही. म्हणजे एकविसावा सहकारी आत असता, तर ते जिंकलेलं तिकीट कदाचित छापलंच गेलं नसतं. कुणालाच काही मिळालं नसतं! वर्षानुवर्षं तेच ठरलेले आकडे खेळणाऱ्या गटात ही शंका उरत नाही. तिथे चुटपुट पुन्हा खरी ठरते.

मन एवढं तपासत बसत नाही, कारण त्याचं माप वेगळं असतं. डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये लोकांपुढे एक प्रसंग ठेवला. दोन प्रवासी वाहतुकीत अडकून विमानतळावर अर्धा तास उशिरा पोचतात. एकाचं विमान वेळेवर गेलेलं असतं. दुसऱ्याचं विमान रखडलं होतं आणि पाच मिनिटांपूर्वीच सुटलं. जास्त हळहळ कुणाला? ९६ टक्के लोकांनी दुसऱ्याकडे बोट दाखवलं. दोघांचं नुकसान सारखंच, पण दुसऱ्याचं ‘थोडक्यात’ हुकलेलं. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला लागलेली लॉटरी अशीच थोडक्यात हुकल्यासारखी वाटते.

मेंदूत याची जागाही सापडली आहे. २००४ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी लोकांना जुगाराच्या दोन चक्रांपैकी एक निवडायला लावलं आणि नंतर न निवडलेल्या चक्राचा निकालही दाखवला. सोडून दिलेल्या चक्रावर जास्त रक्कम आली, की निरोगी माणसं खट्टू होत. डोळ्यांच्या खोबणीच्या वरच्या भागात, म्हणजे मेंदूच्या पुढच्या तळाशी इजा झालेल्या रुग्णांना मात्र स्वतःच्या निकालाचंच बरं-वाईट वाटे. दुसऱ्या चक्राचं काही नाही. चुटपुटीला तो ‘दुसरा निकाल’ दिसावाच लागतो, आणि ऑफिसातल्या वर्गणीत तो रोज डोळ्यांसमोर बसलेला असतो.

नेदरलँड्समधल्या पोस्टकोड लॉटरीत हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. तिथे तुमचा पोस्टकोड हाच तुमचा नंबर, आणि एका कोडात साधारण वीसेक घरं. कोड लागला की ज्यांनी तिकीट घेतलं त्यांना पैसे, एकाला बीएमडब्ल्यू, आणि न घेणाऱ्याला आपलं किती गेलं त्याचा अचूक आकडा. झीलनबर्ग आणि पीटर्स या संशोधकांना २००४ च्या अभ्यासात दिसलं, की नंतर पस्तावू या भीतीचा तिकीट घेण्याच्या निर्णयावर परिणाम या लॉटरीत होतो, साध्या सरकारी लॉटरीत नाही. पुढे २०११ च्या एका अभ्यासात विजेत्यांच्या अगदी शेजारच्या घरांत गाड्यांची खरेदी वाढलेली आढळली. सहा महिन्यांनी विजेते मात्र इतरांपेक्षा जास्त सुखी असल्याचं दिसलं नाही.

नाही म्हणणाऱ्याचा निर्णय हिशेबानं चुकीचा नव्हता, हे मी ठामपणे म्हणेन. पॉवरबॉलच्या एका तिकिटाला मोठं बक्षीस लागण्याची शक्यता २९,२२,०१,३३८ मध्ये एक. २० जणांनी २० तिकिटं घेतली की ती सुमारे १ कोटी ४६ लाखांत एक होते, पण बक्षिसाचे वाटेही २० होतात. प्रत्येकाची सरासरी प्राप्ती होती तिथेच राहते.

भांडणं मात्र गणितावरून होत नाहीत, ती कागद नसल्यामुळे होतात. न्यू जर्सीत २००९ मध्ये एका बांधकाम कामगाराला ३ कोटी ८५ लाख डॉलरचं बक्षीस लागलं. तिकीट माझं एकट्याचं, असं तो म्हणाला, वर्गणीतल्या पाच सहकाऱ्यांनी दावा लावला, आणि २०१२ मध्ये ज्युरीनं वाटणी करायला लावली. वर्गणीची आणि स्वतःची तिकिटं एकाच माणसानं एकाच वेळी घेतली, की हा घोळ ठरलेलाच. म्हणून सोडतीआधी नावं, रकमा आणि तारीख लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात आणि तिकिटाच्या दोन्ही बाजूंचा फोटो गटात टाकावा. या फोटोंत नसलेलं तिकीट वर्गणीचं नाही, असं आधीच ठरवावं. अमेरिकेत वाटणीसाठी ५७५४ क्रमांकाचा फॉर्म भरतात, म्हणजे सगळा कर एकाच्या नावावर पडत नाही.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे छोटी बक्षिसं. समजा, या आठवड्यात दहा जणांच्या तिकिटांना २०० रुपये लागले आणि त्यातूनच पुढच्या आठवड्याची तिकिटं घेतली. त्या पुढच्या आठवड्यात दोघं रजेवर होते, त्यांनी नवी वर्गणी दिली नाही. पण २०० पैकी ४० रुपये त्यांचेच होते. मोठा नंबर लागला तर ते आत की बाहेर? दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे भांडता येतं. छोटी रक्कम त्याच दिवशी वाटून टाकावी. आणि रजेवर असलेल्याचे पैसे कुणी भरायचे की त्याला त्या फेरीपुरतं वगळायचं, हे त्याला विचारून पहिल्याच कागदावर लिहावं.